मदत हवी आहे : गाडी गरम व्हायलीय, कूलंट गायब, खाली थेंब नाही

लातूरकर_भाऊ : चार दिवसांत दुसऱ्यांदा काटा लालवर गेला. काल बीडहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात अर्धा तास बॉनेट उघडून उभा होतो. डब्यातलं कूलंट गायब, खाली मात्र एक थेंब नाही. मिस्त्री म्हणतो इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवावं लागतंय. रविवारी केजला भाचीचं लग्न आहे. लवकर सांगा.

फोरमनमामा : लग्न सांगितलं, गाडी सांगितलीच नाही. पेट्रोल का डिझेल? किती चाललेली?

लातूरकर_भाऊ : डिझेल, 2009 ची. 1 लाख 70 हजार.

रोडकिंग : थर्मोस्टॅट, तो इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह, काढून फेका. माझ्या जीपला दहा वर्षं झाली, नाहीच. आपल्या 43 डिग्रीत ते कशाला पाहिजे?

फोरमनमामा : असलं सांगू नका राव. थर्मोस्टॅट नसला की डिझेल इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं. आणि त्यानं कूलंट कसं संपेल? लातूरकर, फॅन लागतो का? सकाळी चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस? असलं दिसलं तर हेडखालचं सील, गॅस्केट, गेलेलं असू शकतं.

लातूरकर_भाऊ : फॅन लागतो. धूर नाही, फेस नाही. पाणी भरलं की दोन दिवस ठीक, मग परत तेच.

चहा_कडक : पाणी? आधी कूलंट म्हणाला होतात.

लातूरकर_भाऊ : कूलंट संपल्यापासून घरच्या बोअरचं टाकायलोय. पाणीच आहे की.

दुष्काळी : लातूरचं बोअर! आमच्या गीझरची कॉइल वर्षात पांढरी झाली. 2016 ला इथं माणसांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, अन् हे गाडीला पाजायलेत.

रोडकिंग : तेव्हा टँकरच्या रांगेत आम्ही पण होतो, त्याचं इथं काय? घाटात काटा चढला तर हीटर फुल करून काचा उघडायच्या. इंजिनाची उष्णता आत येते, काटा उतरतो.

ईव्हीवाला : म्हणून म्हणतो, इलेक्ट्रिक घ्या.

फोरमनमामा : तिच्या बॅटरीलाही बहुतेक कूलंटच असतं दादा.

परभणीची_मीरा : कुणी आतलं विचारलंच नाही. गाडीत गोडसर वास येतो का? समोरची काच आतून तेलकट धुरकट होते का?

लातूरकर_भाऊ : वास येतो म्हणून बायको कधीची भांडायलीय. मला वाटलं तिचंच अत्तर. काच पुसावी लागते. डावीकडची मॅट ओली असते, पण ते एसीचं पाणी.

परभणीची_मीरा : एसीचं पाणी गाडीखाली पडतं, मॅटवर नाही. मॅटखाली बोट फिरवून बघा. चिकट, रंगीत लागलं तर हीटर कोर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळायलाय. माझ्या गाडीचं हेच निघालं, पण आधी हेड उतरवून गॅस्केट बदलून झालं होतं. ते पैसे गेले ते गेलेच. आणि तोवर तो हीटर फुल करायचा सल्ला विसरा, गरम वाफ पायावर येईल.

फोरमनमामा : ताईंचं बरोबर वाटतंय. पण एसीची नळी तुंबली तरी मॅट ओली होते, म्हणून चिकटपणा बघाच.

लातूरकर_भाऊ : चिकट आहे. हिरवट. आता?

फोरमनमामा : इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी हीटरच्या दोन नळ्या असतात. त्या एकमेकींना जोडून हीटर बायपास करून घ्या, तासाभराचं काम. मग गळती तपासायचा प्रेशर पंप लावायला सांगा, पंपाचा काटा खाली येत असेल तर दुसरीकडंही गळती आहे. बोअरचं सगळं काढून फ्लश करा. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. झाकणाच्या दाबामुळं आतलं पाणी 100 ला उकळत नाही, 120 पर्यंत जातं. झाकण फिरवलं की सगळं तोंडावर येतं.

लातूरकर_भाऊ : काल ओलं फडकं धरून उघडलं होतं. मनगट भाजलंय थोडं.

परभणीची_मीरा : ते आधी सांगायचं ना भाऊ!

लातूरकर_भाऊ : बायपास केलं. पंपाचा काटा वीस मिनिटं हलला नाही. हेड वाचलं. मिस्त्री आता म्हणतो, मला आधीपासूनच संशय होता.

दुष्काळी : हीटर गेला तर थंडीत काय करणार?

लातूरकर_भाऊ : लातूरला?

रोडकिंग : तरी थर्मोस्टॅट काढाच.

फोरमनमामा : दोन दिवसांनी डबा परत बघा, मगच खरं.

लातूरकर_भाऊ : केजला पोचलो. डब्यातलं कूलंट होतं तेवढंच, काटा मध्यावर. पंगत बसली, जातो.