विषाणू पसरत गेला की सौम्य होतोच का?

शंकासुर
कोविडचा ओमायक्रॉन प्रकार आल्यापासून एक वाक्य फार ऐकतोय: "यजमानाला, म्हणजे ज्याच्या अंगात राहतो त्यालाच, मारून विषाणूचा काय फायदा? तो सौम्य होणारच." मग देवीचा रोग का नाही झाला सौम्य? त्याचा जहाल प्रकार शतकानुशतकं पसरूनही दहातल्या तिघांचा जीव घेतच राहिला. गेला तो लशीमुळे.

वाटसरू
ऑस्ट्रेलियातले ससे बघा. सशांचा सुळसुळाट आवरायला १९५० मध्ये तिथे मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्व्याण्णव ससे मरायचे. काही वर्षांतच कमी जहाल वाण वरचढ झाले. ससा झटकन मेला तर डासांना त्याला चावून विषाणू पुढे न्यायला वेळच मिळत नाही!

शंकासुर
अर्धीच गोष्ट सांगितलीत. अगदी मवाळ वाणही मागेच पडले, कारण सशाच्या कातडीत पुरेसा विषाणूच साठेना. पुढे ससे चिवट झाले, तसा विषाणू पुन्हा जहाल झाला.

आडवाट
कोविडला तर हा नियम लावताच येत नाही. माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग देतो. अत्यवस्थ होतो तो बहुतेकदा दुसऱ्या आठवड्यात. तोवर विषाणू पुढे सटकलेला असतो, मागे रुग्ण जगो वा मरो. कोविडचा डेल्टा प्रकार आधीच्या अल्फापेक्षा जास्त पसरला आणि आजारही जास्त गंभीर केला.

वाटसरू
आणि ओमायक्रॉन? सौम्य झालाच ना?

आडवाट
झाला, पण ओघाने. पेशीत शिरायची त्याची वाट बदलली, त्यामुळे तो फुप्फुसात खोलवर कमी आणि वरच्या श्वासमार्गात जोमाने वाढू लागला. शिवाय बहुतेकांच्या अंगात लशीची किंवा आधीच्या संसर्गाची प्रतिकारशक्ती होती. हाँगकाँगमध्ये बऱ्याच वृद्धांनी लस घेतली नव्हती. तिथे २०२२ च्या सुरुवातीला याच 'सौम्य' ओमायक्रॉनने मृत्यूंची लाट आणली.

नवखा
मग जास्त घाबरायचं कशाला, पसरण्याला की जीवघेणेपणाला?

शंकासुर
कागदावर मांडून बघा. एक जण दोघांना देतो, शंभरात एक दगावतो. दहाव्या फेरीत १०२४ नवे रुग्ण, मृत्यू साधारण १०. जीवघेणेपणा दुप्पट केला तर २०. आता तो मूळचाच ठेवा, पण दोघांऐवजी तिघांना देऊ द्या: ५९,०४९ रुग्ण, मृत्यू ५९०! जीवघेणेपणा निम्म्यावर आणलात तरी २९५.

वाटसरू
गणित बरोबर, पण फेऱ्या अशा अखंड चालत नाहीत. माणसं बाधून झाली की वेग आपोआप मंदावतो.

शंकासुर
मंदावतो हो. पण तोवर अतिदक्षता विभागात खाट शिल्लक राहायला हवी ना?