मदत हवी आहे - अ‍ॅमेझॉनच्या जंगलात व्हॉलंटिअरिंग, कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला राहते, शेतीत एमएस्सी झालंय. इक्वाडोरच्या नापो भागात किचवा आदिवासींच्या गावात तीन आठवडे व्हॉलंटिअर म्हणून जायचं डोक्यात आहे. तिथे ते चाक्रा पद्धतीने शेती करतात, म्हणजे कोको, कसावा, केळी, औषधी झाडं सगळं एकाच तुकड्यात जंगलासारखं, आणि पहाटे उठून ग्वायुसाचा काढा पीत गप्पा मारत बसतात, हे वाचूनच मी अर्धी गेलेय!

आता अडचण. एक संस्था फी बरीच मागतेय, पण त्यातले गावाला किती मिळतात विचारलं की दोन ओळींचं गोड उत्तर येतं. कामही काय तर "शाळेला रंग देणे". अहो, रंग त्यांना देता येत नाही का? मला त्यांच्याकडून शिकायचंय, त्यांचा उद्धार करायला नाही जायचं. थेट गावाशीच, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पर्यटन गटाशी बोलून कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

दुसरं, यलो फीवरची लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर इथे विमानतळावरच क्वारंटाइन करतात म्हणे, तर पुण्यात ती कुठे मिळते, अपॉइंटमेंट लागते का? आणि स्पॅनिश किती यायला हवं? माझी गाडी अजून "ओला" (म्हणजे हॅलो) वरच अडकलीय.

आई म्हणते एवढे पैसे घालवण्यापेक्षा मेळघाटात जा. तिचंही चूक नाही म्हणा.