काडतूस आणि कार्ट्रिज: एकाच घरचे
काडतूस आपला जुना शब्द आणि कार्ट्रिज इंग्रजी, दोघांचा संबंध नाही, असं शब्दांवरच्या या चर्चेत कुणी लिहिलंय; ते पटलं नाही. दोन्हींचं मूळ 'कागद' या अर्थाच्या लॅटिन 'कार्टा'त आहे. त्यावरून इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची सुरळी, शेंगदाणे बांधून देतात तसा पुडा. तो फ्रेंचमध्ये 'कार्तूश' झाला आणि इंग्रजांनी त्याचं कार्ट्रिज केलं. आपल्याकडे काडतूस आलं ते पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून. आणि ते खरोखरच कागदाचं असे: १८५७ सालच्या एनफिल्ड बंदुकीचं काडतूस म्हणजे मोजलेली दारू आणि गोळी असलेली कागदी सुरळी. टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग चरबी लावलेल्या कागदासकट गोळी गजाने आत ठासायची. पितळी कवच नंतरचं.

शाईचं, फिल्टरचं कार्ट्रिज म्हणजे तीच कल्पना: आतला ऐवज तयार, अख्खं बसवा, अख्खं काढा. चर्चेत नळाचं कार्ट्रिज मात्र कुणी घेतलं नाही. आमच्या सोलापुरात बोअरच्या जड पाण्यामुळे तेच आधी जातं. मिक्सर नळाच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकाच दांड्याने सोडणाऱ्या नळाच्या, दांड्याखाली या कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात; भोकं जुळली की पाणी येतं. मध्ये क्षार शिरले की दांडा जड होतो, मग गळती. बदलताना जुनं कार्ट्रिज दुकानात सोबत न्याच, कारण ३५ आणि ४० मिमी अशी दोन्ही मापं चालतात आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही.