चौथा मेमकॅश सर्व्हर लावला आणि हिट रेशो ९१ वरून ५८ वर आला

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितोय. एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याची होलसेल साइट मी एकटाच बघतो. पीएचपी, मायएसक्यूएल, पुढे मेमकॅशचे तीन सर्व्हर (वारंवार लागणारी माहिती डेटाबेसला न विचारता मेमरीतून देणारी कॅश). वर्षभर हिट रेशो, म्हणजे शंभरातल्या किती मागण्या कॅशमधूनच भागल्या तो आकडा, ९१ टक्क्यांच्या आसपास असायचा, कधी बघावंही लागलं नाही.

आता थंडी आहे, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आलीय, वर लग्नसराईच्या आहेराच्या ऑर्डरी. ट्रॅफिक वाढणार म्हणून मागच्या मंगळवारी चौथा सर्व्हर जोडला. पहिल्या तासात हिट रेशो थेट विशीत. रात्रीपर्यंत सत्तरीला आला म्हणून मी निवांत जेवायला गेलो. बुधवारी परत घसरला आणि आठ दिवस झाले, ५८ वर बसलाय तो हलंना.

मालक विचारतात, "अरे, चौथं मशीन लावलास तर साइट पळायला पाहिजे, झोपली कशी?" त्यांना कॅश म्हणजे काय हे मी मागंच मागाच्या भाषेत सांगून ठेवलंय: विणकराला पिवळी कांडी लागली आणि हाताशी सापडली तर हिट, गोडाऊनपर्यंत चालत जावं लागलं तर मिस. आता ते रोज सकाळी विचारतात, "आज किती वेळा गोडाऊनला गेलास?" माझे वडील यंत्रमागावर होते, ही उपमा मीच दिली, आता भोगतोय.

कुठून सुरुवात करू?

पिंपरीकर

आधी एक. ९१ चे ५८ झाले, म्हणजे तिसरा हिस्सा गेला, असं बघू नका. मिस बघा. ९ चे ४२ झाले. डेटाबेसवर साडेचारपटीहून जास्त भार पडतोय, म्हणून साइट झोपली.

मंगळवारचं कारण बहुतेक असं. पीएचपीच्या मेमकॅश्ड एक्स्टेन्शनमध्ये काही सेट केलं नाही तर वाटणी 'मॉड्युला' पद्धतीने होते. कीचा, म्हणजे कॅशमधल्या मालाच्या नावाचा, हॅश (नावावरून निघणारा ठरावीक आकडा) काढायचा, सर्व्हरच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल तो सर्व्हर. कागदावर ० ते ११ लिहा. प्रत्येकाला ३ ने भागून बाकी काढा, मग ४ ने. दोन्हीकडे सारखी बाकी फक्त ०, १, २ ची. उरलेले नऊ आकडे घर बदलतात. म्हणजे तीनाचे चार केले की चारातल्या तीन कीज चुकीच्या दारात जाऊन उभ्या. माल तिथेच आहे, पत्ता बदललाय.

यावर उपाय कन्सिस्टंट हॅशिंग, १९९७ पासूनची जुनी गोष्ट आहे. डिस्ट्रिब्यूशन 'कन्सिस्टंट' करा किंवा केटामा (त्याचाच एक प्रकार) कंपॅटिबल ऑप्शन चालू करा. मग सर्व्हर वाढवला की फक्त चौथा हिस्सा हलतो. पण हा बदल करतानाही सगळ्या कीजची एकदा उलथापालथ होणारच, तेव्हा भर दुपारी करू नका.

पण हे दुखणं आपोआप बरं होतं. जुन्या जागेवरचं मरतं, नव्या जागी भरतं. आठ दिवस टिकत नाही. बुधवारी काय केलंत ते सांगा.

अक्कलकोट_रोड

हो दादा, मॉड्युलाच निघालं.

बुधवारी फार काही नाही. म्हटलं, माल जास्त दिवस टिकला तर हिट वाढेल, म्हणून डिझाइनच्या माहितीचा टीटीएल (माल किती वेळ ठेवायचा ती मुदत) एका दिवसाचा ४५ दिवस केला. विणकाम, साइज, वजन, धुण्याच्या सूचना, हे काय रोज बदलत नाही.

जुना_पापी

सापडलं बघ. ४५ दिवस म्हणजे किती सेकंद? ३८,८८,०००.

मेमकॅशमध्ये एक्सपायरी ३० दिवसांपर्यंत, म्हणजे २५,९२,००० सेकंदांपर्यंत, 'आतापासून इतके सेकंद' अशी धरतात. त्याच्या वर गेलास की तो आकडा युनिक्स टाइमस्टॅम्प समजतात, १ जानेवारी १९७० पासून मोजलेला. तुझे ४५ दिवस म्हणजे १५ फेब्रुवारी १९७०. तू ठेवतोयस तो माल ठेवतानाच पन्नासेक वर्षं शिळा आहे. एरर येत नाही, सेट (माल ठेवणं) 'यशस्वी' म्हणतो, आणि पुढच्या गेटला (माल मागताना) मिस.

मी हे एकदा लाइव्ह साइटवर केलंय, दोन रात्री जागलोय. २० दिवस कर. आणि सगळ्यांना एकच आकडा देऊ नको, दोन-चार तास इकडे-तिकडे कर, नाहीतर विसाव्या दिवशी सगळं एकदम मरेल आणि डेटाबेसच्या दारात झुंबड.

अक्कलकोट_रोड

तुमच्या पाया पडतो. २० दिवस केलं, वर थोडे रँडम तास. दुपारपर्यंत ७०. पण ९१ काही येईना.

कोरेगाव_पार्क_नको

एकूण हिट रेशोकडे बघत बसलात तर गड्डा संपेल. दहा मिनिटं फक्त मिस झालेल्या कीज लॉगमध्ये लिहा आणि त्यातल्या पंधरा-वीस डोळ्यांनी वाचा. ग्राफ नको, डोळ्यांनी. इथे टाका.

अक्कलकोट_रोड

या घ्या, एकाच चादरीच्या:

उत्पादन:११८२:४१३००१
उत्पादन:११८२:४१३००४
उत्पादन:११८२:४१३००६
उत्पादन:११८२:४११०३८

शेवटचा आकडा पिनकोड. त्याच मंगळवारी डिलिव्हरी चार्ज दाखवायचं फीचरही चढवलं होतं. गिऱ्हाईक पिनकोड टाकतं, पान त्याच्या हिशेबानं बनतं. लिहिता लिहिताच लक्षात यायलंय…

कोरेगाव_पार्क_नको

बरोबर आलंय लक्षात. तुमचा ट्रान्सपोर्टवाला पिनकोडवार रेट देतो का?

अक्कलकोट_रोड

कुठला हो. पाच झोन आहेत. सोलापूर शहर, जिल्हा, उरलेला महाराष्ट्र, दक्षिण, बाकी देश. शहरातल्या सगळ्या पिनकोडांना तोच चार्ज, तोच दिवस.

कोरेगाव_पार्क_नको

मग कीमध्ये पिनकोडचं काय काम? देशात एकोणीस हजारांवर पिनकोड आहेत. उत्तरं पाच. उत्तर ज्याच्यामुळे बदलतं तेवढंच कीमध्ये ठेवा. तुमच्याच भाषेत सांगायचं तर एकच पिवळी कांडी प्रत्येक विणकराच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळी ठेवलीय. शेजारच्यानं मागितली की "ती त्याची आहे" म्हणून पुन्हा गोडाऊनला.

मिसपेक्षा वाईट पुढेच आहे. या एकेकदाच वापरलेल्या प्रती जागा अडवतात आणि खरोखर चालणारा माल बाहेर ढकलतात. प्रत्येक सर्व्हरचे इव्हिक्शन (जागा नाही म्हणून बाहेर काढलेला माल) बघा. चारही वेगवेगळे, बेरीज नको.

जाहिरातीवरून येणाऱ्या लिंकांना यूटीएमचं (गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीवरून आलं ते सांगणारं) शेपूट असतं, ते कीमध्ये जात असेल तर तेही कापा.

अक्कलकोट_रोड

उशीर झाला, बुधवार पेठेत घरचं कार्य होतं.

पिनकोडवरून आधी झोन काढायचा आणि कीमध्ये झोन, एवढाच बदल. आमची डिझाइनं ६४०, म्हणजे जास्तीत जास्त ३,२०० कीज. यूटीएम निघालंच, कापलं. हिट रेशो ८४.

मग चारही सर्व्हरचे इव्हिक्शन वेगवेगळे बघितले. जुन्या तिघांवर शून्य. चौथ्यावर आकडा मीटरसारखा पळत होता. कॉन्फिग उघडली तर मेमरी ६४ एमबी. जुन्यांना मी कधीकाळी १,०२४ दिली होती. नवीन मशीनवर इन्स्टॉल केलं आणि डीफॉल्ट तसंच राहिलं. चौथा हिस्सा माल त्या खोपटात जायचा आणि मागच्या दारानं बाहेर. रॅम आठ जीबी, त्यातली वापरात ६४ एमबी. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

काल पहाटे तीन वाजता ती मेमरी वाढवली आणि त्याच फटक्यात केटामा चालू केलं. तासभर डेटाबेसनं घाम गाळला, सकाळी नऊला ९३.

जुना_पापी

भारी. मालक काय म्हणाले?

अक्कलकोट_रोड

म्हणाले, "म्हणजे चौथं मशीन इतके दिवस नुसतं उभं होतं? मग परत करून टाक, भाडं वाचेल." गड्डा होईपर्यंत थांबा म्हटलंय.

पिंपरीकर

परत करायच्या आधी तीनवर सगळा माल मावतो का ते मेमरीचा वापर बघून ठरवा. आणि काढलंतच तर यावेळी चौथा हिस्साच हलेल, तेही पहाटेच करा.