अनुभव धागा: तरुणपणी परदेशी फिरताना काय घडलं, काय उपयोगी पडलं?

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा कॉलेजचा कंपू दिवाळीनंतर थायलंडला निघालाय. घरात रोज उपदेशांचं पारायण चालू आहे: अनोळखी माणसाशी बोलू नको, रात्री बाहेर पडू नको, पाणी उकळून पी. पोरं 'हो हो' म्हणतात आणि इन्स्टाग्राम बघत बसतात. त्यामुळे सूचना नकोत, घडलेलं लिहा. देश कुठलाही चालेल. फक्त 'काळजी घ्यावी' एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका, ते आमच्या मावशीने आधीच सांगितलंय.

कोकणकन्या
बँकॉक. मी आणि मैत्रीण ग्रँड पॅलेसकडे चालत होतो. इस्त्रीच्या शर्टातले एक काका थांबले, गोड इंग्रजीत म्हणाले, आज राजवाडा बंद आहे, मोठी पूजा आहे, त्यापेक्षा स्वस्तात टुकटुकने दुसरी देवळं बघा. टुकटुक शेजारीच उभी, अगदी योगायोगाने! मैत्रीण पक्की पुणेरी. "बंद असेल तर बंद दार बघून येतो," म्हणाली आणि चालू पडली. दार उघडं होतं, रांग होती. त्या टुकटुका शेवटी रत्नांच्या दुकानात नेऊन सोडतात, हे नंतर हॉस्टेलवर कळलं. तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, भावाला सेव्ह करून ठेवायला सांग.

पाचपावली
माझा किस्सा नागपुरातच घडला, विमानतळावर जायच्या आदल्या रात्री. दुबईला मित्रांबरोबर निघालो होतो. आईने अनारसे दिले. शारजात राहणाऱ्या आत्येभावाने व्हिडिओ कॉलवर डबा पाहिला आणि ओरडलाच, "अरे, खसखस!" यूएईत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडे वाण्याकडे मिळते म्हणून कोणाच्या डोक्यातही येत नाही. अनारसे आम्ही रात्रीच संपवले, त्याबद्दल तक्रार नाही. मग त्याने औषधांची पिशवी उपसायला लावली. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल असलेली पाठदुखीची गोळी, दोन्ही बाहेर. तिथे अशा औषधांना आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ लागते.

वाटसरू
@पाचपावली, बॅगेचा विषय निघालाच आहे तर मुंबईच्या त्या जोडप्याची बातमी आठवा. 2019 मध्ये नात्यातल्याच बाईने कतारची सहल 'भेट' दिली आणि सोबत एक पुडकं. दोहा विमानतळावर त्यात चार किलोहून जास्त चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळ तुरुंगात जन्मलं. 2021 मध्ये निर्दोष सुटून परत आले. पुडकं देणारं माणूस अनोळखी नव्हतं, हे लक्षात घ्या. आमच्या घरी तेव्हापासून नियम आहे: दुसऱ्याची चकलीसुद्धा न्यायची नाही. लोक रुसतात. रुसू देत.

चकली
(माझ्या नावाला वरती उगाच बोल लागला!)
फुकेत. आमच्यातल्या एकाने भाड्याने स्कूटर घेतली. पातोंगच्या चढउताराच्या रस्त्यावर पावसात घसरला, गळपट्टीचं हाड मोडलं. हॉस्पिटल उत्तम, पण भरती करण्याआधी डिपॉझिट मागितलं. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, म्हणून आम्ही निर्धास्त. विमा कंपनीचा पहिला प्रश्न: दुचाकीचं लायसन्स आहे का? त्याच्याकडे फक्त चारचाकीचं. गावात तो दहावीपासून बुलेट चालवतो, पण कागद तसं म्हणत नव्हता. क्लेम नाकारला.

मग पैसे भरायचे तर एकाच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डं मुळात देशातल्या वापरासाठीच चालू असतात, परदेशातला वापर आपण ॲपमधून सुरू करायचा असतो. ॲपला ओटीपी हवा, आणि भारतीय सिम घरी ड्रॉवरमध्ये! शेवटी दुसऱ्या मित्राचं कार्ड चाललं, बाकीच्यांनी त्याला यूपीआयने पाठवले.

हिशेब मांडायचा तर: आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना हजार रुपयांत मिळतो, वर्षभर चालतो, आणि आपल्या लायसन्सवर असतील तेवढेच वाहनप्रकार त्यावर येतात. शिवाय स्कूटरवाला गहाण म्हणून पासपोर्ट मागतो. देऊ नका. रोख डिपॉझिट घेणारा दुकानदार दोन गल्ल्या पुढे सापडतो.

निवांत
मी डॉक्टर आहे, म्हणून हा प्रतिसाद रटाळ वाटेल. लाओसमधल्या वांग विएंगला नोव्हेंबर 2024 मध्ये सहा परदेशी पर्यटक मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूने गेले. त्यातल्या दोघी ऑस्ट्रेलियन मुली एकोणीस वर्षांच्या होत्या. मिथेनॉलला वेगळी चव किंवा वास नसतो. त्रास बारा ते चोवीस तासांनी वाढतो, त्यामुळे पोरं त्याला हँगओव्हर समजून झोपून राहतात. धूसर दिसणं, धाप लागणं, पोटात कळा: थेट हॉस्पिटल, आणि 'मिथेनॉल' हा शब्द स्वतःहून उच्चारायचा. उतारा असतो, पण वेळेत द्यावा लागतो. फुकटचे शॉट्स आणि बादलीतली कॉकटेल्स सोडा. पिणारच असाल तर आपल्यासमोर उघडलेली बिअर.

धागाकर्ती
रटाळ अजिबात नाही, भावाला स्क्रीनशॉट पाठवला. एक गंमत बघा, आतापर्यंतच्या बऱ्याच गोष्टींचा निकाल विमानात बसायच्या आधीच लागला होता. मावशीच्या उपदेशात लायसन्स आणि खसखस कुठेच नव्हती.

मेहरूण
जळगावच्या माझ्या वर्गमित्राला टेलिग्रामवर ऑफर आली: आधी थायलंड फिरा, मग डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट आमचं. मुलाखत पाच मिनिटांची. सहल आणि नोकरी एकत्र, हेच खटकलं. पर्यटक म्हणून शिरून तिथे नोकरी करणं बेकायदा आहे. अशांना बँकॉकहून माए सोतला नेतात, मोई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला. तिथे पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. मित्र गेला नाही. त्याने कंपनीचा पत्ता विचारल्यावर समोरच्याने चॅटच उडवलं.

शिंपला
पॅरिस, मेट्रो, गर्दी, मैत्रिणीची पर्स गायब. पासपोर्ट, शेंगेन व्हिसा सगळं त्यात. पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. पासपोर्टची प्रत आणि फोटो ईमेलमध्ये होते म्हणून काम पटपट हललं. इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, म्हणून तिचं पुढचं प्राग हुकलं. ती रडत बसली असताना हॉस्टेलमधल्या एका अल्जीरियन मुलीने सोबत येऊन फ्रेंचमध्ये तक्रार लिहून दिली. तेव्हा अनोळखी माणसाशी बोलू नको, हे काही मला पटत नाही.

आणि लाइव्ह लोकेशन आईला देऊ नका. माझ्या फोनची बॅटरी संपली तर आईने सातारच्या सगळ्या नातेवाइकांना कामाला लावलं. थंड डोक्याच्या एका भावंडाला द्या.

धागाकर्ती
@चकली, आता आम्ही पॉलिसी बघतोय. नेमकं काय वाचायचं?

चकली
कंपनीचं नाव विचारू नकोस. पीडीएफ उघड, थेट 'एक्सक्लूजन्स'वर जा, म्हणजे विमा कशाकशाला लागू नाही ती यादी. दुचाकी, दारू आणि वॉटरस्पोर्ट्स, या तिन्हींबद्दल काय लिहिलंय ते बघ. कॅशलेस हॉस्पिटलांत फुकेत आहे का ते विचार. आणि इमर्जन्सीचा नंबर परदेशातून लागतो का, हे आत्ताच विचारून घे. आमच्या मित्राच्या पॉलिसीवर भारतातला टोल-फ्री होता, तो तिथून लागलाच नाही.