मदत हवी आहे: पॅरिस ते बार्सिलोना, विमान की रेल्वे?

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पॅरिसहून बार्सिलोनाला जायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून नुसत्या तिकिटाच्या दरावर निर्णय घ्यायचा नाहीये.

हवाई अंतर साधारण ८३० किमी, विमानाला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. रस्त्याने हजार किमीच्या वर भरतं, तो विचार सोडलाय. पण विमानतळावर दोन तास आधी पोहोचणं, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट बघणं धरलं तर घर ते हॉटेल पाच-सहा तास सहज जातात. स्वस्त तिकिटं बहुतेक बोव्हे विमानतळाची दिसतात आणि तो पॅरिसपासून ८० किमीहून लांब आहे! त्यापेक्षा ओर्ली बरा वाटतो, २०२४ पासून तिथे मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट जाते.

दुसरीकडे पॅरिसच्या गार द ल्याँ स्टेशनहून थेट टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान रेल्वे) आहे, पावणेसात तासांच्या आसपास. गाडी बार्सिलोना सांत्सला, म्हणजे शहरातच उतरवते. शिवाय दक्षिण फ्रान्समधल्या सेत ते नार्बोनच्या पट्ट्यात समुद्र आणि खाड्या दिसतात. आईला खिडकीतून बघत बसायला फार आवडतं, त्यामुळे माझं मन इकडेच झुकतंय.

ज्येष्ठांना घेऊन या गाडीने कोणी गेलंय का? डबा दुमजली असतो, तर खालच्या मजल्यावरच्या जागा बुकिंग करताना निवडता येतात का? मोठ्या बॅगा कुठे ठेवता? आणि ओर्लीला व्हीलचेअरची मदत वेळेवर मिळते का? तिकिटं लवकर काढायची आहेत, कृपया अनुभव सांगा.