स्पोर्ट्स कारचे टायर : एप्रिल बघून घ्यायचे की जुलै बघून?

घाटवाट, पुणे (धागाकर्ता)

ओळखीतल्या एकाने नुकतीच सेकंडहँड पोर्शे 718 केमन घेतली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, 300 हॉर्सपॉवर, इंजिन मधोमध, ताकद फक्त मागच्या चाकांना. आधीच्या मालकाने 20 इंची रिम घातल्या होत्या आणि त्यावर मिशलिनचे पायलट स्पोर्ट कप 2. ते टायर आता संपत आलेत. पुढे काय घालू, असं त्याने ग्रुपवर विचारलं, तर बहुतेकांचा एकच सल्ला : 'होते तेच टाक, गाडीला शोभतात.' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कारचा टायर जुलै डोळ्यासमोर ठेवून निवडावा. एप्रिलच्या कोरडाठाक रस्त्यावर कुठलाही चांगला उन्हाळी परफॉर्मन्स टायर आपल्या गरजेपेक्षा जास्तच पकड देतो. पावसात मात्र टायर-टायरमधला फरक जिवावर बेतू शकतो.

कप 2 हा मुळात ट्रॅकचा टायर, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला. नवा असतानाच त्याची नक्षी उथळ असते, पाणी बाहेर फेकायला खाचा कमी. बहुतेक मापांत त्याचं ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा आकडा, मोठा म्हणजे जास्त टिकाऊ) 180 आहे, त्याच कंपनीच्या रस्त्यासाठीच्या पायलट स्पोर्ट 4 एसचं 300. (हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढू नका. इथे कंपनी एकच आहे.)

आता पाण्यावर तरंगण्याचं गणित. विमानांच्या टायरवरून नासाने 1960 च्या दशकात एक ठोकताळा काढला होता : टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, 9 ने गुणा, आलेला आकडा म्हणजे टायर पाण्यावर उचलला जाण्याचा वेग, नॉटमध्ये. दाब 36 पीएसआय धरला तर 6 गुणिले 9, म्हणजे 54 नॉट, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागातली कायदेशीर मर्यादा नेमकी हीच. म्हणजे नियमात चालवूनही गाडी हातातून जाऊ शकते.

दुसरा मुद्दा रिमचा. पुढच्या 235/35 आर20 टायरची (रुंदी 235 मिलिमीटर, भिंत तिच्या 35 टक्के, रिम 20 इंची) बाजूची भिंत भरते 82 मिलिमीटर. कंपनीच्याच 18 इंची मापात, 235/45 मध्ये, तीच जवळजवळ 106 होते. टायरचा बाहेरचा व्यास तेवढाच राहतो, मीटरही फसत नाही, आणि खड्ड्यात रिम वाचवायला जवळजवळ 24 मिलिमीटर जास्त रबर मिळतं. 20 इंची रिम दिसतात देखण्या, पण आपले रस्ते बघता मी 18 च सांगेन.

एपेक्स_शोधतोय, ठाणे

साफ असहमत. सगळ्यात आधी तुमचं ते विमानाचं सूत्र. पाणी नक्षीपेक्षा खोल असेल किंवा टायर गोटा झालेला असेल, तेव्हाच ते लागू पडतं. खाचा पाणी वाहून नेत असतील तर तो वेग बराच वर जातो. ते न सांगता 100 चा आकडा टाकला की वाचणारा घाबरणारच.

दुसरं, पोर्शे स्वतः केमन जीटी4, म्हणजे केमनचीच ट्रॅककडे झुकलेली आवृत्ती, कारखान्यातूनच कप 2 वर द्यायची. त्या इंजिनिअर लोकांना पाऊस ठाऊक नाही का? जर्मनीत पाऊस पडत नाही का?

आणि तिसरं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. माणूस केमन घेतो कशासाठी? स्टिअरिंगवर बोटभर हालचाल केली की नाक त्याच क्षणी वळतं, त्यासाठी. ती जाणीव रस्त्याला टेकलेल्या चार तळव्यांएवढ्या जागेतून येते. तिथेच मऊ भिंतीचा, सगळ्यांना खूश ठेवणारा टायर घातला तर एवढे पैसे कशात घातले? मी कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गाडी नेतो. साधे परफॉर्मन्स टायर काही लॅप्सनंतर तापून सैल पडतात, वळणात गाडी बाहेर सरकायला लागते. कप 2 तापल्यावर खुलतो. पावसाळ्यात माझी गाडी कव्हरखाली असते, तेव्हा जुलैचा हिशेब मी का करू?

घाटवाट (धागाकर्ता)

सूत्राबद्दलचं तुमचं म्हणणं रास्त आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तर, असं तुम्ही म्हणता. कप 2 ची नक्षीच उथळ, त्यात अर्धी घासलेली. तिच्यापेक्षा खोल पाणी साचायला ढगफुटी लागत नाही, एक्स्प्रेसवेच्या डाव्या लेनमध्ये जुलैतल्या कुठल्याही दुपारी ते असतं. शिवाय टायर रुंद आणि गाडी हलकी, म्हणजे तरंगायला आणखी सोपं.

जीटी4 बद्दल : पोर्शे ते टायर द्यायची आणि कागदावर लिहूनही द्यायची की कमी खोलीच्या नक्षीमुळे ओल्या रस्त्यावर तरंगण्याचा धोका वाढतो. त्या इंजिनिअरांना पाऊस ठाऊक आहे म्हणूनच ती ओळ छापली आहे.

परसिपनीकर, न्यू जर्सी

इकडे हा वाद होतच नाही, कारण दोन सेट ठेवणं इथे नेहमीचं आहे. तापमान 7 अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, पकड एकदम उतरते. कडाक्याच्या थंडीत तर गाडी जागची हलवली तरी रबर तडकू शकतं, असा इशारा काही कंपन्या देतात. म्हणून नोव्हेंबरात विंटर टायर चढवायचे, एप्रिलमध्ये उतरवायचे.

तुमच्याकडे थंडीचा प्रश्न नाही, पण तत्त्व तेच. जूनला पावसाचा सेट, ऑक्टोबरनंतर ट्रॅकचा. एकाच टायरकडून सगळं मागितलं की तो कशातच पूर्ण उतरत नाही. आणि एक विनंती, इथलं बघून कुणी तिकडे ऑल-सीझन टायर मागवू नका. त्यातली थंडीसाठी केलेली तडजोड पुण्यात कुणाच्याच कामाची नाही.

चौथा_गिअर, नाशिक

दोन सेट ठेवायचे कुठे? सोसायटीत एका गाडीला एक पार्किंग, टेरेसवर ठेवले तर उन्हाने रबर वाळतं. रिमसकट दुसरा सेट, त्याचे प्रेशर सेन्सर, दर वेळी बॅलन्सिंग. ज्याच्याकडे बंगला आणि गॅरेज आहे त्याने जरूर करावं. बाकीच्यांना एकच टायर निवडावा लागतो, आणि तो पावसाचाच.

टायरवाला_कोल्हापूर

माझं टायरचं दुकान आहे, आंबोली आणि गगनबावडा हे रोजचे रस्ते. तुमची चर्चा चांगली चालली आहे, पण दुकानात काय मिळतं याचा विचार कुणी करत नाही.

धागाकर्ते म्हणतात 18 इंची घ्या. पुढचं 235/45 मिळेल. मागचं 265/45 आर18 हे माप मुळात फार थोड्या कंपन्या करतात. जून 2020 मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, वर आयएसआयची अट आहेच. त्यामुळे असली मापं कधी येतील याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. मागचा एक टायर फाटला आणि जोडी मिळाली नाही, तर गाडी उभी. माझं मत 19 इंचीचं. पुढे 235/40, भिंत 94 मिलिमीटर. मागे 265/40, भिंत 106. खड्डाही झेलतो आणि निवडायला थोडा वावही राहतो.

खड्ड्याचं म्हणाल तर 20 इंचीवाले माझ्याकडे येतात ते पंक्चरसाठी नाही, टायरला फुगा आला म्हणून. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात भिंत चिमटते, आतले धागे तुटतात, आणि तिथे हवा बाहेर ढकलते. बाहेरून लिंबाएवढं टेंगूळ दिसतं, गाडी चालतेही व्यवस्थित. लोक म्हणतात, 'एवढा सीझन काढू.' काढू नका. तिथे आता फक्त रबर उरलेलं असतं, वजन धरणारं काही नाही. फुगा दुरुस्त होत नाही, कुणी पॅच मारून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून उठून या.

घेताना दोन गोष्टी स्वतः वाचा. टायरच्या भिंतीवर 'डीओटी' अक्षरांनंतर जो क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार आकडे : 3524 म्हणजे 2024 सालचा 35 वा आठवडा. कमी खपाची मापं गोदामात पडून असतात, त्यामुळे सवलत मोठी असेल तर तारीख आधी बघा. दुसरं, वेगाचं अक्षर. डब्ल्यू 270 पर्यंत, वाय 300 पर्यंत. या केमनचा टॉप स्पीड 275 आहे, म्हणजे वायच हवा. 'आपण कुठे एवढं पळवतो' म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. ते अक्षर टायरच्या उष्णता सोसण्याचंही माप आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात काँक्रीटचा रस्ता काय तापतो ते सांगायला नको.

बॉक्सर_फोर, मुंबई

टायरवाले दादांचं बाकी सगळं पटलं, पण एक मोठी गोष्ट राहिली : एन-खूण. पोर्शेने स्वतः तपासून पास केलेल्या टायरवर एन0, एन1 असं छापलेलं असतं. नाव तेच असलं तरी खूण असलेला आणि नसलेला टायर आतून वेगळा असतो, बांधणीत किंवा रबराच्या मिश्रणात. पुढे एन-खुणेचे आणि मागे बाजारातले साधे, असं केलं तर पुढची पकड एका तऱ्हेने सुटणार, मागची दुसऱ्या तऱ्हेने. मध्ये इंजिन असलेल्या गाडीत हा खेळ करू नये. मी तर एन0 आणि एन1 सुद्धा एकत्र घालणार नाही. महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

चौथा_गिअर, नाशिक

महिनाभर थांबायचं म्हणजे गोटा टायरवर महिनाभर फिरायचं, बहुतेक लोक तेच करतात. खूण नसलेले पण एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे चारही नवे टायर हे खूण असलेल्या झिजलेल्या टायरपेक्षा कधीही बरे. खुणेपेक्षा चारही जुळणारे असणं महत्त्वाचं.

बॉक्सर_फोर, मुंबई

चारही एकदम बदलत असाल तर मी वाद घालणार नाही. माझा आक्षेप दोन-दोन बदलण्याला आहे. आणि लोक दोन-दोनच बदलतात, कारण मागचे लवकर संपतात.

रेनलाइन, पुणे

याच मुद्द्यावर लिहायला आले. मी 19 इंचीवर केमन चालवते, बाराही महिने, पावसातसुद्धा.

पुढचे-मागचे टायर वेगळ्या रुंदीचे असल्याने अदलाबदल करता येत नाही. मागच्यांवर वजनही जास्त आणि ताकदही सगळी तिकडेच. त्यात मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, म्हणून टायर आतल्या कडेला आधी झिजतो. उभं राहून बघितलं तर बाहेरची नक्षी झकास दिसते. सर्व्हिसच्या आधी मी खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च मारून आतली कड बघितली, तर तिथे खाचा जवळजवळ सपाट. बाहेर चार मिलिमीटर आणि आत काहीच नाही. पावसात पाणी कापायचं काम त्याही कडेला करायचं असतं. मागची चाकं तरंगली की गाडी गिरकीच घेते, आणि कितीही चांगलं स्टेबिलिटी कंट्रोल असलं तरी नसलेली पकड ते कुठून आणणार? कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. मी आतल्या कडेला 3 झाले की टायर बदलते.

म्हणून एपेक्सदादांना माझा प्रश्न : कप 2 ची आतली कड तुम्ही शेवटची कधी मोजली? ट्रॅकवर टायर चौफेर झिजतो. रस्त्यावर तसं होत नाही.

आणि अलाइनमेंट. कुठलाही टायर घ्या, अलाइनमेंट बिघडलेली असेल तर काही महिन्यांत त्याची वाट लागते. टायरवर खर्च करणारे लोक तिथे हात आखडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एपेक्स_शोधतोय, ठाणे

रेनलाइन, ट्रॅकला निघताना दर वेळी मोजतो, आत, मध्ये आणि बाहेर, डेप्थ गेजने. हवाही थंड टायरवर बघतो आणि ट्रॅकवरून आल्यावर लगेच बघतो, कारण तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. एक्स्प्रेसवेवर तासभर चालवून पंपावर हवा 'जास्त दिसते' म्हणून काढणारे लोक मी बघतो, ते कप 2 पेक्षा मोठा धोका पत्करतात.

माझं मत कायम आहे. जो ट्रॅकवर जातो आणि पावसाळ्यात गाडी काढत नाही, त्याने कप 2 घ्यावेत. धाग्यातले मित्र ट्रॅकवर जाणार नसतील तर त्यांना मी ते घ्या म्हणणार नाही, हेही सांगतो. पण सगळ्या महाराष्ट्राला एकच नियम लावू नका.

घाटवाट (धागाकर्ता)

ते ट्रॅकवर जाणार नाहीत. रविवारी ताम्हिणी, कधी महाबळेश्वर, बाकी ऑफिस.

पण एपेक्स, 'पावसाळ्यात काढत नाही' यावर माझा विश्वास बसत नाही. 2025 मध्ये मान्सून मुंबईत 26 मे रोजी पोचला, नेहमीच्या 11 जूनच्या पंधरवडाभर आधी. वळीव तर एप्रिलपासून कधीही गाठतो, परतीचा पाऊस ऑक्टोबरात. आणि पहिल्या सरीचा रस्ता सगळ्यात निसरडा, महिन्यांची धूळ आणि तेल वर आलेलं असतं. तुम्ही कॅलेंडर बघून गाडी बाहेर काढता, ठीक. लोणावळ्यात पोचल्यावर ढग आले तर काय कराल?

एपेक्स_शोधतोय, ठाणे

थांबेन. चहा घेईन, रस्ता सुकला की निघेन. नाही सुकला तर 60 ने उजवीकडच्यांना वाट देत घरी येईन. टायरची मर्यादा माहीत असणाऱ्याने तेवढं करायलाच हवं.

टायरवाला_कोल्हापूर

थांबणारे चालक फार कमी हो दादा.

घाटवाट, तुमच्या मित्राला सांगा, 20 इंची रिम विकण्याआधी 19 इंचीचे चारही टायर हातात येऊ देत. माप, वाय, तारीख आणि चारही टायरवर एकच एन-खूण, हे फोटोत मागवून घ्या, मगच पैसे भरा. आणि मे महिन्यासाठी आत्ताच ऑर्डर द्या. जूनला सगळे एकदम येतात आणि तेव्हा जे गोदामात उरलेलं असतं तेच मिळतं.